अनंताची फांदी जगत नाही, ऑगस्टअखेर बिल्डिंग पाडणार आहेत. मदत हवी

वाळवणवाली | ११ मे

नमस्कार मंडळी. बागकामात मी ढ आहे, आधीच सांगते. म्हणजे मनी प्लँट मारून दाखवलेली बाई आहे मी.

डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीला खेटून एक अनंत आहे. डबल फुलाचा. मी लग्न होऊन २००१ साली इथे आले तेव्हा माझ्या खांद्याला लागत होता, आता पहिल्या मजल्याच्या खिडकीत डोकावतो. मेमध्ये चुकार एखादं फूल, आणि एकदा पाऊस धरला की रोज वीस-पंचवीस. पहिल्या दिवशी पांढरंशुभ्र, दुसऱ्या दिवशी सायीचा रंग, तिसऱ्या दिवशी चहा सांडल्यासारखं. टाकीचं पाणी सोडायला वॉचमन जातो तेव्हा दोन फुलं खिशात घालून येतो, त्याच्या केबिनलाही वास असतो.

आता बिल्डिंग पुनर्विकासाला चाललीय. ३१ ऑगस्टला घरं रिकामी करायची. बिल्डरने झाडांची यादी केली त्यात दोन नारळ, एक आंबा आणि अशोकाची रांग आहे. अनंत नाही. विचारलं तर म्हणे ते झाड नाही, झुडूप आहे.

मी डिसेंबरात बारा फांद्या कापून कुंडीत खोचल्या होत्या. लाल माती, शेणखत, रोज पाणी. बाराच्या बारा गेल्या. नर्सरीवाला म्हणतो दीडशे रुपयांत नवीन न्या की. पण मला हाच हवाय. काय चुकलं?

तणनाशक | ११ मे

दोन प्रश्न. फांद्या बुडाकडून काळ्या पडल्या की शेंड्याकडून सुकत आल्या? आणि फांद्या कळ्यांसकट लावल्या होत्या का?

वाळवणवाली | १२ मे

बुडाकडून काळ्या. उपटल्या तर साल हातात आली, खाली चिकट. कळ्या डिसेंबरात नव्हत्याच.

तणनाशक | १२ मे

मग त्या कुजल्या. शेंड्याकडून सुकल्या असत्या तर हवेत ओलावा कमी पडला असं म्हटलं असतं. बिनमुळाच्या फांदीला शेणखताचा काहीही उपयोग नाही. तिला खायला तोंडच नाही अजून! वर रोजचं पाणी. बुरशीला तुम्ही पंगत वाढलीत.

शिवाय डिसेंबर चुकला. अनंत त्या वेळी मंदावलेला असतो. जूनमध्ये नवी फूट जरा जून व्हायला लागते, तेव्हाची फांदी घ्यायची: शेंडा हिरवा, बूड नुकतंच तपकिरी होऊ लागलेलं. लांबी १०-१२ सेंटिमीटर, पेराच्या लगेच खाली कापलेली. खालची पानं काढा, वरची तीन-चार ठेवा आणि तीही कात्रीने अर्धी करा. कळी असेल तर निर्दयपणे खुडा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड वाळू निम्मी-निम्मी, खत शून्य. एकदा पाणी घालून निथळू द्या आणि वरून पाच लिटरची पाण्याची बाटली बूड कापून उपडी घाला. उजेड हवा, ऊन नको. बाटलीवर थेट ऊन आलं की आत उकडहंडी होते.

बियांच्या नादाला लागू नका. डबल अनंतात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, फळ धरत नाही. म्हणजे जगात कुठेही डबल अनंत दिसला तर तो कुणीतरी कुणाकडून तरी मागून (किंवा न मागता) आणलेल्या फांदीचाच असतो.

खमंगकोथिंबीर | १२ मे

वाळवणवाली, मी फांदीला मध लावते. वरून दालचिनी पूड. गुलाब हमखास जगतो. कोरफडीचा गरही चालतो. बटाट्यात खोचूनही लावतात, व्हिडिओ आहेत भरपूर.

तणनाशक | १२ मे

बटाट्यात खोचलेल्या फांदीतून बहुतेक वेळा बटाटाच उगवतो. दालचिनीने बुरशीला थोडा अटकाव होतो, तेवढं मान्य. मधात मुळं फुटवणारं काहीही नाही. आंब्याला, डाळिंबाला जी पावडर वापरतात त्यात इंडोल ब्युटिरिक आम्ल असतं, आयबीए. १९३० च्या दशकापासून जगभरच्या रोपवाटिका तेच वापरतायत. कृषी सेवा केंद्रात छोटी पुडी मिळते.

खमंगकोथिंबीर | १२ मे

माझे गुलाब मग कशाने जगले म्हणे?

तणनाशक | १२ मे

गुलाबाने. (दिवे घ्या, म्हणजे गंमत समजा.)

गोदाकाठचा | १४ मे

एवढा कसला बाऊ करताय लोकहो. मी गेल्या पावसाळ्यात अनंताची हातभर फांदी सरळ मातीत खोचली. पावडर नाही, बाटली नाही. पंधरा दिवसांत फुटली, दिवाळीला फुलं. आता चार झाडं आहेत. हात हलका लागतो, बाकी काही नाही.

तणनाशक | १४ मे

पंधरा दिवसांत? पान तोडून बघा बरं. दूध येतं का?

गोदाकाठचा | १४ मे

येतं की. चिकट असतं. त्याचं काय?

तणनाशक | १४ मे

अभिनंदन. तुमच्याकडे डबल तगरीची चार झाडं आहेत.

मांडवीपल्याड | १४ मे

अगो बाई!! हसून पुरेवाट.

पण त्यांचा दोष नाही हो. नर्सरीवालेसुद्धा डबल तगर अनंत म्हणून विकतात. एरवी पांढरं, डबल, गडद हिरव्या पानांचं, लांबून सारखंच. ओळख सोपी: तगरीला चीक, अनंताला नाही. अनंताची कळी छत्री मिटल्यासारखी पिळलेली, बाहेरून हिरवट. आणि वास! तगरीचा वास शोधावा लागतो, अनंताचा आपण होऊन दारात येतो.

गोदाकाठचा | १५ मे

बायकोला सांगितलं. ती म्हणाली मला पहिल्यापासून माहीत होतं.

गुटीवाला | १६ मे

वाळवणवाली ताई, रामराम. मी सांगोल्याचा. डाळिंबाच्या गुट्या बांधण्यात निम्मं आयुष्य गेलं. वडील बांधायचे, मग मी. तुमच्याकडं साडेतीन महिने हाताशी आहेत तर फांद्या खोचत बसू नका, गुटी बांधा. खोचलेली फांदी पहिल्या दिवसापासून अनाथ. गुटीची फांदी मुळं फुटेपर्यंत आईच्या अंगावर असती. जगायचं प्रमाण लई वेगळं.

कधी: मृगाचा पाऊस झाला की. ७-८ जूनला मृग लागतो, त्यानंतर हवेत ओल आली की सुरू करा. आता उन्हात बांधू नका.

कसली फांदी: पेन्सिलीएवढी जाड, गेल्या वर्षीची. खालून सरळसोट वर गेलेला माजलेला फुटवा घेऊ नका. रोगट तर अजिबात नाही. आमच्याकडं तेल्या रोग असाच गुट्यांतून बागेबागेत फिरला. झाडाचं जे दुखणं असंल ते गुटीबरोबर जातं.

कसं: शेंड्यापासून वीत-दीड वीत खाली, पेराच्या खालच्या बाजूला. धारदार पात्यानं फांदीभोवती गोल चीर द्या. अडीच-तीन सेंटिमीटर खाली दुसरी. मधल्या सालीला उभी चीर देऊन बांगडीसारखी साल काढा. हिकडं लोक चुकतात. साल निघाली म्हणजे झालं असं वाटतं. आत बोटाला बुळबुळीत थर लागतो, तो पात्याच्या पाठीनं खरवडून कोरडं पांढरं लाकूड दिसलं पाहिजे. न्हाई तर झाड त्याच थरातनं नवी साल धरून जखम भरून घेतं आणि तुम्ही दोन महिने नुसतं प्लास्टिक बघत बसता.

पावडर लावायची ती वरच्या काठाला. मुळं तिथंच फुटणार, खाली लावून उपयोग न्हाई. मग मॉस, म्हणजे सुकं शेवाळ. रात्रभर भिजवून, घट्ट पिळून, एक थेंबही गळता कामा नये इतकं. मुठीएवढा गोळा बसवायचा, वर पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकं आवळून बांधायची. गोळा फांदीवर फिरला न्हाई पाहिजे. फिरतोय म्हणजे बांधणी ढिली. मग विसरून जा.

मांडवीपल्याड | १६ मे

गुटीवाले दादा, साष्टांग नमस्कार. वाचनखूण साठवली.

एक भर: तुमच्याकडे सांगोल्याला पाऊस तो किती! आमच्या गोव्यात आणि डोंबिवलीतही आषाढात आभाळ फाटतं. वरचं टोक ढिलं राहिलं की फांदीवरून ओघळणारं पाणी गोळ्यात शिरतं आणि मॉस सडतो. मी वरच्या गाठीवर आणखी प्लास्टिकची पट्टी गुंडाळते. आणि सुतळी नको, कुजते.

शिवाय सगळी अंडी एका टोपलीत नको गं वाळवणवाली. चार फांद्या नुसत्या पाण्यात ठेव. आमच्या सासूबाई ठेवायच्या, तपकिरी औषधाच्या बाटलीत, स्वयंपाकघराच्या खिडकीत. एक पेर पाण्यात, पानं बाहेर. पाणी तीन दिवसांनी बदलायचं. महिन्याभराने पांढरे बिंदू दिसतात, मग मुळं. फक्त मुळं बोटभर लांब व्हायची वाट बघू नकोस. नखाएवढी झाली की मातीत. पाण्यातली मुळं काचेसारखी मोडतात.

वाळवणवाली | १७ मे

तुम्ही सगळे किती छान आहात. मला एक कळलं नाही, सगळ्या बाजूंनी साल काढली तर फांदी मरणार नाही का? आमच्या आंब्याची साल कुणीतरी अशी सोलली होती तर तो वठला.

तणनाशक | १७ मे

चांगला प्रश्न. पाणी मुळांकडून वर चढतं ते आतल्या लाकडातून. पानांनी तयार केलेली साखर आणि संजीवकं खाली उतरतात ती सालीतून. साल कापली की वर जाणारं पाणी चालू राहतं, त्यामुळे फांदी हिरवी. खाली येणारा माल मात्र कापलेल्या काठावर अडतो, साठतो, आणि तिथे ओल व अंधार मिळाला की मुळं फुटतात. गुटी म्हणजे एवढंच.

आंबा वठला कारण त्याच्या मुख्य खोडाची साल गेली. मुळांना वरून शिदोरी येईना, मुळं उपाशी मेली, मग झाड. तुम्ही चार-पाच फांद्यांना हे करणार, उरलेलं झाड मुळांना पोसत राहील. म्हणून हौसेने चाळीस गुट्या बांधू नका.

पीचट्रीकाठी | १९ मे

अटलांटाहून. इथे अमेरिकेच्या दक्षिणेत अनंत घरोघरी कुंपणाला, आपल्याकडे मेंदी असते तसा. गार्डेनिया म्हणतात. पहिल्यांदा रात्री फिरताना वास आला तेव्हा मी दुसऱ्याच्या अंगणात शिरले होते, घरमालक बाहेर आला. त्याने पोलिसांना न बोलावता फांदी दिली.

अवांतर: हे नाव अलेक्झांडर गार्डन नावाच्या डॉक्टरवरून पडलंय. तो साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला राहायचा. झाड चीन-जपानकडचं, त्याने शोधलंही नाही. त्याचा मित्र जॉन एलिस याने १७६१ मध्ये त्याच्या सन्मानार्थ नाव ठेवलं. वर इंग्रजीत त्याला केपची जाई म्हणतात, कारण ते आफ्रिकेच्या टोकाकडून आलं असा तेव्हा समज झाला होता. सगळा गोंधळच.

आणि बिली हॉलिडे ही जॅझ गायिका केसांत अनंत माळून गायची. आईला तिचा फोटो दाखवला तर म्हणाली, "बाजूला माळलंय, वेणी नाही का घातली?"

तणनाशक | १९ मे

अवांतरात भर. एकेरी अनंताला केशरी फळं येतात. त्यातला रंग क्रोसिन, केशरात असतो तोच. जपानात त्याने मुळ्याचं लोणचं पिवळं करतात. कूळ कॉफीचं.

खमंगकोथिंबीर | १९ मे

कॉफीच्या कुळातला? म्हणून कॉफीचा चोथा घालायचा असतो का! मी वाचलं होतं त्याने माती आम्ल होते.

तणनाशक | १९ मे

कुळाचा आणि चोथ्याचा संबंध नाही. कॉफी गाळली की आम्लाचा मोठा भाग कपात जातो, चोथा जवळपास उदासीन उरतो. कंपोस्टमध्ये घाला, उत्तम. या वेळी दिवे मी घेतो.

वाळवणवाली | १८ जून

धागा वर काढतेय. मृग कोरडा गेला, काल पाऊस झाला. आज सकाळी मोहीम!

पाच गुट्या बांधल्या. पहिल्या फांदीची साल सोलताना हात थरथरत होते, नवऱ्याने शिडी धरली होती आणि तो "अगं त्याला भूल तरी दे" म्हणत होता. खरवडल्यावर खरंच कोरडं लाकूड दिसलं. साल काढलेली जागा ओल्या काकडीसारखी गार लागते हे मला माहीत नव्हतं. पाचव्या गुटीपर्यंत हात बसला. पहिली बांधली ती बघवत नाही, पुडीत बांधलेल्या वड्यासारखी दिसते.

वीस फांद्या कोकोपीट आणि वाळूत, चार बाटल्यांखाली. चार फांद्या खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत.

शेजारणींनी विचारलं झाडाला काय झालंय, इतकी प्लास्टर कशाला?

गुटीवाला | १८ जून

झ्याक. आता दीड-दोन महिने हात लावायचा न्हाई.

वाळवणवाली | ९ जुलै

मला रागवा. मी एक उघडली.

तीन आठवडे झाले, बाहेरून काही दिसेना, मॉस आहे तसाच. राहवलं नाही. तिसऱ्या नंबरची सोडली. मुळं नाहीत. वरच्या काठाला पांढरट-पिवळे फोड आलेत, ओल्या साबुदाण्यासारखे. बुरशी आहे का ही? आणि एक फोड माझ्या नखाने निघून आला.

गुटीवाला | ९ जुलै

ताई ताई ताई.

ती बुरशी न्हाई. ती गाठ धरतीय. त्याच्यातनंच मुळं निघणार होती. तुम्ही भाकरी तव्यावर टाकून लगेच उलटली. तोच मॉस पुन्हा ओला करून पिळून लगेच बांधा. मागं पडंल, पण मरणार न्हाई.

तणनाशक | ९ जुलै

डाळिंबापेक्षा अनंत सावकाश चालतो. आठ आठवडे धरा. आणि कोकोपीटमधल्या फांद्याही उपटून बघू नका. बघितल्या असतीलच, तर सांगू नका.

वाळवणवाली | ९ जुलै

(सांगत नाही.)

गोदाकाठचा | १३ जुलै

मंडळी, अपमान सहन न होऊन खरा अनंत विकत आणला. पान तोडून बघितलं, चीक नाही, नर्सरीवाला बघतच राहिला. पण महिन्याभरात पानं पिवळी पडली. युरिया घातला, जास्तच पिवळी. माती आमची काळी, पाणी बोअरचं.

तणनाशक | १३ जुलै

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं आहे?

गोदाकाठचा | १३ जुलै

हो, जाळी काढल्यासारखी.

तणनाशक | १३ जुलै

लोह मिळत नाहीये. मातीत लोह असतं, पण चुनखडीची माती आणि क्षारांचं पाणी असलं की ते मुळांना उचलता येत नाही. अनंताला मातीचा पीएच ५ ते ६ च्या आसपास, म्हणजे आम्ल माती लागते. म्हणून कोकणातल्या जांभ्यात त्याला कुणी विचारत नाही तरी तो माजतो, आणि देशावर लाड करूनही रुसतो.

जमिनीत लावू नका, मोठ्या कुंडीत ठेवा. लाल माती, कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत, काळी माती नाही. पावसाचं पाणी पिंपात धरून तेच घाला. लोहाचं खत घेताना पाकिटावर ईडीडीएचए लिहिलंय ते बघा. ईडीटीएवालं स्वस्त असतं, पण तुमच्या पाण्यात टिकणार नाही. युरिया बंद.

खालची जुनी पानं एखाद-दुसरं पिवळं होऊन गळतं ते वेगळं. त्याची काळजी नको.

मांडवीपल्याड | १४ जुलै

आमच्याकडे अनंत पायरीच्या भेगेत उगवल्यासारखा वाढतो हे वाचून देशावरच्या लोकांना राग येईल म्हणून सांगत नाही.

वाळवणवाली | २ ऑगस्ट

वाईट बातमी दोन, चांगली एक.

खारीने एक गुटी फोडली. प्लास्टिक फाडून मॉस नेला, बहुतेक घरट्याला. लक्षात आलं तेव्हा लाकूड कोरडंठाक. आणि दुसरी गुटी केबलवाल्याने तोडली. वायर ओढताना फांदी आड आली म्हणे. मी खाली पोचेपर्यंत फांदी कचऱ्याच्या डब्यावर. उचलून बघितलं तर मॉसमध्ये बारीक पांढरी मुळं होती! अर्ध्या नखाएवढी. मला रडू आलं, खरं सांगते. ती तशीच कुंडीत लावली, चार दिवसांत माना टाकल्या.

चांगली: औषधाच्या बाटलीतल्या दोन फांद्यांना मुळं. बाकी दोन काळ्या पडल्या.

मांडवीपल्याड | २ ऑगस्ट

लगेच मातीत! आजच. दोन दिवस दाट सावलीत, वर पिशवी.

गुटीवाला | २ ऑगस्ट

त्या फांदीनं एक काम केलं. तुम्हाला कळलं की बाकीच्यात मुळं धरलीत. अजून दोन आठवडे थांबा. पांढरी मुळं तपकिरी व्हायला लागली, प्लास्टिकला चिकटून गोल फिरायला लागली, की तयार. कापायची तीही एकदम न्हाई. आधी गोळ्याखाली निम्मी चीर द्या, आठवड्यानं उरलेली कापा. दूध एकदम न्हाई तोडत.

पीचट्रीकाठी | ३ ऑगस्ट

एवढा मोठा झाल्यावर आख्खं झाडच नाही का उचलता येणार? इथे गोळ्यासकट खणून नेतात.

वाळवणवाली | ३ ऑगस्ट

एका बाजूला टाकी, दुसऱ्या बाजूला फरशी, खालून ड्रेनेज. विचारलं होतं. बिल्डरचा माणूस म्हणाला, जेसीबी आला की एका दमात निघेल. त्याचं आणि माझं "निघेल" वेगळं आहे.

वाळवणवाली | २४ ऑगस्ट

१७ तारखेला चिरा दिल्या, आज कापल्या. चार आणि पाच नंबरची गुटी भरगच्च मुळांची. उघडलेली तीन नंबरचीही निघाली, पाच-सहा मुळं आहेत, बारीक. प्लास्टिक काढलं, मॉस न सोडवता तसाच कुंडीत ठेवला आणि भोवती माती भरली. दादांनी फोनवर नाही पण निरोपात बजावलं होतं, मॉस उपसायला जाऊ नका, मुळं त्याच्याबरोबर येतील.

कोकोपीटमधल्या वीसपैकी सहा जगल्या. पाण्यातल्या दोनपैकी एक मी लावताना मोडली. मुळं काचेसारखी असतात म्हणजे काय ते कळलं.

तणनाशक | २४ ऑगस्ट

गुट्यांवरची निम्मी पानं काढा. आतापर्यंत आख्ख्या झाडाची मुळं त्यांना पाणी पुरवत होती, आता मूठभर मुळं आहेत. तीन आठवडे सावली. खत दिवाळीपर्यंत विसरा.

वीसपैकी सहा हे घरच्या घरी वाईट नाही. मी पहिल्या वर्षी तीसपैकी शून्य केलं होतं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

खमंगकोथिंबीर | २४ ऑगस्ट

मध लावला होता का?

तणनाशक | २४ ऑगस्ट

हो.

वाळवणवाली | ३० ऑगस्ट

आज सामान गेलं. ट्रकमध्ये फ्रिज आणि कपाटाच्या मधे गादी घालून कुंड्या ठेवल्या. हमाल म्हणाला, मॅडम, काचेचं सामान आहे का? तीन नंबरची गुटी वाटेत नाही, त्याआधीच गेली, पानं सगळी गळली आणि फांदी सुरकुतली. मुळं कमी होती, माझीच घाई. उरल्या दोन गुट्या, सहा फांद्या आणि एक बाटलीतली. नऊ.

निघताना अनंतावर फुलं होती, चार-पाच. वॉचमनने दोन घेतली, मी दोन. एक उंच होतं ते राहिलं.

वाळवणवाली | ६ नोव्हेंबर

भाड्याच्या घराची गॅलरी पूर्वेची, नऊ ते बारा ऊन. नऊच्या नऊ आहेत. मधे पिठ्या ढेकूण झाला होता पानांच्या बेचक्यात, कापूस चिकटल्यासारखा. कडुलिंबाच्या तेलात चार थेंब भांडी घासायचं लिक्विड, पाण्यात घुसळून फवारलं आणि जुन्या टूथब्रशने घासून काढलं.

प्रश्न: मोठ्या गुटीला कळी आलीय. एकच. खुडू का?

तणनाशक | ६ नोव्हेंबर

खुडा. झाडाची ताकद मुळांत जाऊ दे. पुढच्या मेमध्ये दहा येतील.

गुटीवाला | ६ नोव्हेंबर

खुडा ताई. पहिल्या वर्षी फळ-फूल धरू देऊ नये.

मांडवीपल्याड | ६ नोव्हेंबर

अजिबात खुडू नकोस. या दोघांना काय कळतंय!

वाळवणवाली | २१ नोव्हेंबर

नाही खुडली. काल संध्याकाळी उमललं, लहानसं, जुन्या झाडाच्या फुलाच्या निम्मं. नवऱ्याने दार उघडल्या उघडल्या विचारलं, "फूल आलं?" कुंडी गॅलरीत, तो दारात, मधे दोन खोल्या.

आता नवीच अडचण. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. ज्या बाईंनी "झाडामुळे डास होतात" म्हणून दोनदा अर्ज दिला होता, त्यांनीही एक रोप मागितलंय. नऊ रोपं, मागणारे चौदा. वॉचमनचं मी आधीच वेगळं काढून ठेवलंय, तो गावी, खेडला नेणार आहे. जूनमध्ये या नवीन झाडांवर पुन्हा गुट्या बांधता येतील का?

गुटीवाला | २१ नोव्हेंबर

येत्या जूनला न्हाई. फांद्या पेन्सिलीएवढ्या होऊ द्या, दोन वर्षं. छाटणीच्या फांद्या मात्र कोकोपीटमध्ये खोचा, आता तुम्हाला जमतंय.

गोदाकाठचा | २२ नोव्हेंबर

पंधरावं नाव माझं लिहा ताई. आमचा कुंडीतला हिरवा झालाय, तरी तुमच्या टाकीजवळचा हवाच. कुरिअरचे पैसे मी देतो. बदल्यात डबल तगर पाठवू का? चार आहेत.